उज्वलाताईंची समाजसेवा

उज्वला थेटे पोलिसांना सापडल्या त्या एका पिशवीमुळे.

पिशवी त्यांच्याच मुलाच्या लग्नातली होती. जाड कापडाची, दोन्ही बाजूंना लाल ठसठशीत अक्षरं: ‘थेटे–बोराडे शुभविवाह. चि. हर्षल आणि चि. सौ. कां. राखी’. आलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या हातात नारळ घालून एकेक दिली, तरी घरात शंभरेक उरल्या होत्या. गंगापूर रोडच्या सिग्नलवरच्या कॅमेऱ्यात पहाटे साडेपाचला माकडटोपी घातलेली एक बाई रस्त्याच्या दुभाजकात वाकून खुरप्याने झाड काढताना दिसली. टोपीमुळे चेहरा कळत नव्हता, पण पिशवीवरची अक्षरं सिग्नलच्या उजेडात स्वच्छ वाचता येत होती. पोलीस आधी बोराड्यांकडे गेले. विहीणबाईंनी चहा पाजला, नातवाचे फोटो दाखवले, आणि शेवटी म्हणाल्या, “झाडांचा नाद ना? मग तुम्ही आमच्या ताईंकडेच जा.”

उज्वलाताई एकोणसाठ वर्षांच्या. मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान महेशराव नोटांच्या सरकारी प्रेसमधून निवृत्त झालेले. रात्री रस्ता मोकळा असला तरी लाल सिग्नलला थांबणारे, आणि मागच्याने हॉर्न वाजवला तर खाली उतरून त्याला नियम समजावणारे. अशा माणसाच्या बाल्कनीत पोलिसांना चोरीची अकरा झाडं मिळाली.

पंचनामा सुरू झाला. हवालदार लिहीत होता, “एक झाड, हिरव्या रंगाचे, पाने असलेले. दुसरे झाड, तसेच.”

“तसंच कसं?” उज्वलाताईंना राहवेना. “ही तगर आहे, तो टिकोमा. आणि ते तुम्ही क्रोटन लिहिलंय ना, ती अ‍ॅकॅलिफा आहे. खोडा ते.”

“मॅडम,” हवालदार म्हणाला, “तुम्ही आरोपी आहात.”

“असेन. म्हणून चुकीचं लिहायचं?”

त्याने खोडून अ‍ॅकॅलिफा लिहिलं. स्पेलिंग त्यांनी सांगितलं.

पुढचे दोन महिने ती अकरा झाडं मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्याच्या मागच्या व्हरांड्यात होती. उज्वलाताई रोज सकाळी ठाण्यात फोन करायच्या. “जास्वंदीला पाणी घातलं का? बुडाशी घाला, पानांवर नको.” पहिल्या आठवड्यात फोन घेणाऱ्या बाई वैतागल्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांनीच फोन केला, “मॅडम, पांढरं पांढरं काहीतरी पडलंय हो पानांवर.” खटला उभा राहिला तेव्हा मुद्देमाल चोरीला गेला त्या वेळेपेक्षा दुप्पट झाला होता.

उज्वलाताईंचं म्हणणं एकच होतं: मी चोरी केली नाही, मी झाडं वाचवली. एप्रिल महिन्यात दुभाजकातली झाडं वाळून काटक्या झाली होती. त्यांनी आधी एक जास्वंद उचलली. ती जगली. मग दुसरं झाड, मग तिसरं. वकिलाने त्यांना कोर्टात हे बोलू नका म्हणून बजावलं होतं. नव्या कायद्यात पहिलीच चोरी असेल, वस्तू पाच हजारांच्या आतली असेल आणि परत केली असेल, तर तुरुंगाऐवजी सामुदायिक सेवेची शिक्षा असते, हे त्याने तीनदा समजावलं. उज्वलाताईंनी गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी विचारलं, “आणखी काही सांगायचंय?”

“साहेब, ती लिली सावलीत ठेवायला सांगा,” त्या म्हणाल्या. वकिलाने डोळे मिटून घेतले.

शिक्षा झाली ती अशी: तीस दिवस, रोज सकाळी तीन तास, त्याच दुभाजकाची निगा राखायची. शिवाय दर शनिवारी ‘नवी पालवी’ नावाच्या संस्थेत समुपदेशनाला बसायचं.

संस्थेतली शुभांगी सत्तावीस वर्षांची होती. समाजकार्याची पदवी घेऊन नुकतीच लागलेली. तिच्याकडे एक फॉर्म होता. ‘माझ्या वागण्याने कोणाचे नुकसान झाले?’ असा त्यात प्रश्न होता आणि खाली सात ओळी मोकळ्या. उज्वलाताईंनी लिहिलं, ‘कोणाचेही नाही. झाडांचा फायदाच झाला.’ आणि उरलेल्या सहा ओळींवर सवयीने तिरकी रेघ मारली.

“ताई, हे असं चालणार नाही,” शुभांगी म्हणाली. “मला यातून तुमचा पश्चात्ताप दिसला पाहिजे.”

“नसलेला कसा दाखवू?”

शेजारच्या खुर्चीवर पुंजा बसला होता. मखमलाबादकडचा, घरची गुलाबाची शेती. त्याने भावाच्या हळदीत जास्त घेतली आणि भर चौकात ट्रॅफिक पोलिसाच्या छत्रीखाली उभं राहून पाऊण तास वाहतूक सोडली, म्हणून त्यालाही तीस दिवस लागले होते. तो म्हणाला, “मॅडम, मी सात ओळी भरल्या. लिहून टाका तुम्ही पण. मला लय पश्चात्ताप झाला.” मग जरा थांबून, “पण ट्रॅफिक मी चांगला सोडला व्हता. एकपण गाडी घासली नाय.”

सोमवारपासून दोघं दुभाजकावर हजर झाले. दुभाजकाच्या देखभालीचं काम एका खाजगी ठेकेदाराकडे होतं. त्याच्या माणसाने दोघांना नारिंगी जाकिटं दिली. पाठीवर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: ‘समाजसेवा’. सामुदायिक सेवा हे शब्द पाठीवर बसत नव्हते म्हणून छापणाऱ्याने परस्पर सोय केली होती.

त्या एका शब्दाने सगळा घोटाळा केला.

गंगापूर रोड म्हणजे उज्वलाताईंचा रोजचा रस्ता. पहिल्या दिवशी त्या तोंडावर ओढणी गुंडाळून, रस्त्याकडे पाठ करून खुरपत बसल्या होत्या. त्यामुळे पाठीवरचा शब्द सगळ्या सिग्नलला दिसत होता. एका स्कूटरवरून हाक आली, “थेटे मॅडम! तुम्ही?” जुनी विद्यार्थिनी होती. “या वयात, या उन्हात समाजसेवा? मॅडम, ग्रेट आहात तुम्ही!” सिग्नल सुटला आणि ती गेली. उज्वलाताई तोंड उघडणार होत्या, पण उघडून काय सांगणार? तिने फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकला होता. दुपारपर्यंत त्याखाली दीडशे जणींनी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी गाडी थांबवून ताक दिलं. चौथ्या दिवशी दोन कॉलेजकुमार विचारायला आले, की आम्हालाही तुमच्यासोबत काम करता येईल का.

पुंजा म्हणाला, “येईल की. आधी एक क्वार्टर मारायची, मग त्या छत्रीखाली उभं राहायचं.”

महेशरावांना हे सहन होईना. “तू सरळ सांगून टाक. लोक तुझा फोटो स्टेटसला ठेवतायत. ही फसवणूक आहे.”

“मी कुठे काय बोलले? त्यांनीच वाचलं.”

“गप्प राहणं म्हणजे बोलणंच असतं,” असं म्हणून महेशराव तावातावाने उठले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर शिक्षेचा तो दिवस खोडून आले. रोज संध्याकाळी तेच खोडायचे.

पाण्याचा टँकर घेऊन बहिरू यायचा. पेठ तालुक्यातला, चाळिशीचा, काटक. बोलणं कमी. पहिले आठ दिवस त्याने उज्वलाताईंना फक्त तीन वाक्यं ऐकवली आणि तिन्ही त्यांच्या कामातल्या चुका होत्या. आळं उथळ झालं. खत बुंध्याला लागलं. या झाडाची छाटणी आत्ता नाही करायची. एकतीस वर्षं मुलींना वनस्पतींचे भाग शिकवणाऱ्या बाईंना हे लागलं खरं, पण त्याचं बरोबर होतं. त्या घरी जाऊन बाल्कनीत रिकाम्या कुंड्यांसमोर उभ्या राहायच्या आणि स्वतःशी म्हणायच्या, मला बुंध्याचं कळायला हवं होतं.

पंधराव्या दिवशी चौकाच्या टोकाचं एक आळं भरताना बहिरू थांबला. म्हणाला, “या खड्ड्यात मी तीनदा झाड लावलंय.”

उज्वलाताईंनी हातातली पाटी खाली ठेवली. तो खड्डा त्यांना चांगला आठवत होता.

“पयली बोगनवेल व्हती. मी सोता डोळा भरून कलम केलेली. एकाच फांदीला पांढरी आन गुलाबी फुलं. दोन वर्षं नर्सरीत सांभाळली, मग इथं आणून लावली. म्हटलं, चार माणसं सिग्नलला थांबतील, बघतील.” त्याने टँकरचा नळ बंद केला. “आठव्या दिवशी गेली. मंग तगर लावली, ती गेली. मंग जास्वंद.”

“मग?” उज्वलाताईंनी विचारलं.

“मंग काय. सुपरवायझर म्हणला, बहिरू, झाडं रातोरात जात्यात, तूच इकतोस. मी नाय म्हणलो. पण तो काय ऐकतो? मला नर्सरीतून काढला आन टँकरवर टाकला. डोळा भरणारा माणूस मी.” एवढं बोलून त्याने नळ परत सोडला.

पुंजा मध्येच म्हणाला, “पण आता तर कळलं ना त्यांना, की या मॅडमनी—” आणि त्याचं त्यालाच काहीतरी उमगून तो गप्प झाला.

बहिरू म्हणाला, “मॅडमची अकरा झाडं. ती कागदावर आली. वर्षभरात गेलेली सतरा हायेत. सहाचा हिशेब माझ्याच नावावर हाय.”

ती सहा झाडं उज्वलाताईंच्या गच्चीवर होती. पोलिसांनी बाल्कनी पाहिली होती. गच्चीचं त्यांनी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. महेशरावांना त्यांनी ती पंचवटीतल्या नर्सरीतून आणल्याचं सांगितलं होतं. आणि त्या सहातली एकही काटकी झालेली नव्हती. बोगनवेल तर ऐन बहरात होती. ती त्यांनी वाचवायला उचललीच नव्हती. पहाटे फिरताना ती दोन रंगांची फांदी दिसली, आणि ती हवीशी वाटली. इतकंच. हे त्यांनी स्वतःलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी घरी येऊन त्या जेवल्या नाहीत. महेशरावांनी विचारलं तेव्हा त्यांना गच्चीवर नेऊन सगळं सांगितलं. महेशराव खाली बसले. बोगनवेलीच्या कुंडीतली माती बोटाने चाचपली. मग म्हणाले, “मी रोज हिला पाणी घालत होतो.”

“हो.”

“म्हणजे मीही सामील.”

“तुम्हाला माहीत नव्हतं.”

“कायद्याचं अज्ञान—” एवढं म्हणून ते थांबले, कारण हा प्रकार अज्ञानाच्या कुठल्या खात्यात बसतो ते त्यांना ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी उज्वलाताई कबुली द्यायला निघाल्या, तर कबुली घ्यायला कुणी तयार नव्हतं. ठाण्यात त्याच बाई होत्या. “मॅडम, परत झाडं? अहो, आत्ता कुठे आमचा व्हरांडा मोकळा झालाय. ठेकेदाराची तक्रार असली तर आणा.” सुपरवायझर फोनवर म्हणाला, “जाऊ द्या हो ताई, मिटलंय ते. उगाच पुन्हा कोर्ट, तारखा.” बहिरूचं काय, विचारल्यावर म्हणाला, “त्याचा आणि तुमचा काय संबंध? तो आमचा अंतर्गत विषय आहे.” आणि फोन ठेवून दिला.

त्या शुभांगीकडे गेल्या, तर ती फॉर्म बघून म्हणाली, “ताई, पण तुमच्या फॉर्मवर तर रेघ मारलीय.”

“नवा दे,” उज्वलाताई म्हणाल्या. सात ओळी भरून त्यांनी मागच्या पानावर लिहिलं, आणि तेही पुरलं नाही. शुभांगीने ते वाचलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या नोकरीत पहिल्यांदाच कुणी मागचं पान वापरलं होतं. पण ती म्हणाली, “हे मी अहवालात लिहीन, ताई. पण बहिरूभाऊंचं काम अहवालाने नाही व्हायचं. त्यासाठी ठेकेदाराने स्वतः ऐकलं पाहिजे.”

ठेकेदार भेटला रविवारी. त्या दिवशी कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिक संघाने सभागृहात कार्यक्रम ठेवला होता. ‘आदर्श समाजसेविका’ म्हणून उज्वला थेटे यांचा सत्कार. संघाचे कार्यवाह भिमाजी निमसे यांनी तो फोटो पाहून परस्पर ठरवला, पत्रिका छापल्या आणि मगच त्यांना कळवलं. उज्वलाताई दोनदा नाही म्हणाल्या. निमसे म्हणाले, “हाच तुमचा मोठेपणा.” पण पत्रिकेत प्रमुख पाहुणा म्हणून दुभाजकाच्या ठेकेदाराचं नाव होतं. संघाला तो पन्नास रोपं भेट देणार होता. ते वाचून त्या हो म्हणाल्या.

सभागृह भरलं होतं. पुंजा पहिल्या रांगेत, धुतलेलं नारिंगी जाकीट घालून. बहिरूला उज्वलाताईंनी स्वतः बोलावलं होतं. तो दाराशी उभा होता, बसत नव्हता. महेशराव इस्त्रीचा शर्ट घालून, लग्नाच्या मंडपात वधूपिता बसतो तसे अवघडून बसले होते. भिमाजी निमशांनी वीस मिनिटं भाषण केलं. स्वार्थाने बरबटलेल्या या जगात रस्त्यावरच्या मुक्या झाडांची आई होणारी ही माउली, वगैरे. ठेकेदाराने शाल घातली, नारळ दिला. टाळ्या झाल्या.

उज्वलाताई माइकपुढे उभ्या राहिल्या. शाळेत प्रार्थनेनंतर सूचना द्यायच्या, तसा त्यांचा आवाज आपोआप लागला.

“मी समाजसेवा करत नाही. मी शिक्षा भोगतेय. दुभाजकातली झाडं मी चोरली.”

लोक हसले. त्यांना वाटलं, बाईंना विनोदाची छान जाण आहे.

“हसू नका,” त्या म्हणाल्या, आणि एकतीस वर्षांचा तो सूर ऐकून सभागृह गप्प झालं. “कोर्टात अकरा कबूल केली. पण मी सतरा चोरली. त्यातली अकरा वाळली होती, सहा चांगली होती. सगळ्यात चांगली होती ती बोगनवेल. ती या बहिरूने केलेली होती. मला आवडली म्हणून मी नेली. तिचा आळ बहिरूवर आला आणि त्याचं नर्सरीतलं काम गेलं.” मग त्या ठेकेदाराकडे वळल्या. “पोलीस म्हणतात, तुमची तक्रार हवी. द्या. बहिरूला नर्सरीत परत घ्या आणि माझ्यावर तक्रार द्या. सहाही झाडं बाहेर टेम्पोत ठेवली आहेत.”

कुणी टाळी वाजवावी की नाही, ते कुणालाच कळेना. पुंजाने एकट्याने वाजवली आणि मग हात मांड्यांखाली घेतले. महेशराव उभे राहिले आणि म्हणाले, “पाणी मी घालत होतो. माझंही नाव घ्या.” निमशांना घाम फुटला. घातलेली शाल परत काढून घ्यायची की नाही, याबद्दल संघाच्या घटनेत काही लिहिलेलं नव्हतं.

ठेकेदार मात्र धंद्याचा माणूस. समोर दोनशे माणसं, तिघांचे मोबाइल चालू. तो माइककडे गेला आणि दोन वाक्यं बोलला, “बहिरू, उद्यापासून नर्सरीत ये. सुपरवायझरशी मी बोलतो.” तक्रार मात्र त्याने दिली नाही. त्याला तारखा नको होत्या.

बहिरू दारातून आत आला नाही. उज्वलाताई बाहेर गेल्या तेव्हा तो टेम्पोत चढून बोगनवेलीची पानं उलटी करून बघत होता.

“मला माफ कर,” त्या म्हणाल्या.

“कुंडी लय बारकी हाय,” बहिरू म्हणाला. “मुळं आवळलीत.” थोड्या वेळाने, पानांकडेच बघत, “पण तुमी सांगितलं. चार माणसांत सांगितलं.” यापुढे तो त्या विषयावर कधीच बोलला नाही.

शुभांगीचा अहवाल कोर्टात गेला. न्यायाधीशांनी तो पूर्ण वाचला. नवी तक्रार नाही, म्हणून नवी शिक्षा देता येत नव्हती. उज्वलाताईंनीच उभं राहून विचारलं, की मी आणखी दहा दिवस आपल्या मनाने काम केलं तर चालेल का. न्यायाधीश म्हणाले, त्याला कोर्टाची परवानगी लागत नाही. महेशरावांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

संघाने त्यांचं नाव वणीच्या सहलीच्या यादीतून काढलं. दोन जणींनी ग्रुप सोडला. जुन्या विद्यार्थिनींच्या ग्रुपवर चार दिवस शांतता होती. मग एकीने लिहिलं, की दहावीत मॅडमच्या टेबलावरचं भिंग मीच नेलं होतं.

आणि त्या वाढीव दहा दिवसांतल्या तिसऱ्या दिवशी सकाळी उज्वलाताई आणि पुंजा कामावर आले, तर दुभाजकाच्या कडेला झाडं ठेवलेली होती. पुंजाचे दिवस भरले होते, तरी घरी बसलो तर भाऊ गुलाब तोडायला लावतो, म्हणून तो येतच होता. एक तगर. दोन लिली. एका प्लॅस्टिकच्या बादलीत टिकोमा. दुसऱ्या दिवशी आणखी पाच. कुणी कधी ठेवली, कुणाला दिसलं नाही. एका कुंडीवर इगतपुरी रेल्वे स्टेशनच्या बागेचं नाव रंगवलेलं होतं.

बहिरूला नर्सरीतून बोलावून घ्यावं लागलं. त्याने रांगेतून एक फेरी मारली, इगतपुरीच्या कुंडीपाशी थांबला.

“बाकीची आपलीच, मागल्या सालांत गेलेली. ही आपली न्हाय,” तो म्हणाला.

“परत पाठवू,” उज्वलाताई म्हणाल्या.

रांगेच्या शेवटी एक मोठी चिनी मातीची कुंडी होती, तिच्यात एक्झोरा. तशा कुंड्यांची जोडी उज्वलाताईंनी एकाच घराच्या फाटकाशी पाहिली होती: भिमाजी निमशांच्या. पुंजानेही ती कुंडी ओळखली होती. गुलाब द्यायला तो त्या घरी कितीदा तरी गेला होता. त्याने उज्वलाताईंकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि त्यांचा चेहरा बघून मिटलं.

“उभे काय राहिलात?” त्या म्हणाल्या. “ऊन चढायच्या आत आळी झाली पाहिजेत. खोल कर, पुंजा. मागच्यासारखं उथळ नको.”